फाइल चढली, आकडे जुळले का?

मा. अध्यक्ष,
मराठा चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्रीज अँड अ‍ॅग्रिकल्चर,
पुणे



आपल्या सभासद कारखान्यांत आणि कंपन्यांत रोज होणाऱ्या एका कामाबद्दल मी हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे. कुणीतरी आपल्या पीसीवरची एक्सेल किंवा सीएसव्ही फाइल कंपनीच्या मुख्य सर्व्हरवर चढवतं. तिच्यात कामगारांची हजेरी असते, डीलरांच्या ऑर्डरी असतात, सुट्या भागांचे नवे दर असतात, पुरवठादारांचे बँक खाते क्रमांक असतात. काम पाच-दहा मिनिटांचं. ‘अपलोड झाला’ एवढा निरोप जातो आणि विषय संपतो. रात्री सर्व्हरवरचे प्रोग्रॅम त्याच आकड्यांवर पगार काढतात, बिलं बनवतात, बँकेला पैसे द्यायचे आदेश तयार करतात.

हे काम कुणाच्या नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं. कधी लेखा विभागातला नवा मुलगा ते करतो, कधी स्टोअरचा सुपरवायझर, कधी बाहेरच्या एजन्सीचा माणूस. मला एकच म्हणायचं आहे: पीसीवरून सर्व्हरवर फाइल नेणं हे हिशेबाचं काम आहे. त्याला हिशेबाची शिस्त हवी, त्यावर सही हवी आणि दुसऱ्या माणसाची तपासणी हवी. ही शिस्त घालून देण्यासाठी आपल्या चेंबरइतकी योग्य संस्था मला दुसरी दिसत नाही. १९३४ पासून मोठे कारखानदार आणि त्यांचे छोटे पुरवठादार इथे एका टेबलाशी बसतात, आणि या फाइली त्यांच्याच दरम्यान फिरत असतात.

मी एएस/४०० या सर्व्हरवर काम करते, म्हणून त्याच्याच आधाराने लिहिते. आयबीएमने हे यंत्र २१ जून १९८८ रोजी जाहीर केलं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी, सिस्टिम/३८ आणि सिस्टिम/३६ या आधीच्या यंत्रांच्या अनुभवावर ते उभं राहिलं. आकाराने आणि किमतीने मेनफ्रेमपेक्षा लहान, पीसीपेक्षा कितीतरी मोठं, म्हणून त्याला ‘मिडरेंज’ म्हणतात. पुढे नावं बदलत गेली: आयसीरीज, सिस्टिम आय, आणि आता पॉवर सर्व्हरवर चालणारी ‘आयबीएम आय’. कामाच्या ठिकाणी लोक मात्र अजून एएस/४००च म्हणतात. १९९५ मध्ये या यंत्राचा प्रोसेसर ४८ बिटांवरून ६४ बिटांवर गेला, तेव्हाही ग्राहकांचे जुने प्रोग्रॅम पुन्हा लिहावे लागले नाहीत. या भरवशामुळे जगभरात कारखाने, विमा कंपन्या, वितरक आणि बँका त्याला धरून राहिल्या. पुण्यात आणि मुंबईत बसून अमेरिका-युरोपातल्या कंपन्यांची अशी यंत्रं सांभाळणारे मराठी अभियंतेही पुष्कळ आहेत. त्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही. हे पत्र त्यांच्यापेक्षा त्यांच्या मालकांसाठी आणि वित्तप्रमुखांसाठी आहे.

पीसीवरची फाइल आणि एएस/४००वरची फाइल यांत नावापलीकडे फारसं साम्य नाही. पीसीसाठी फाइल म्हणजे एकामागोमाग एक बाइटांची रांग. आत काय आहे हे उघडणाऱ्या प्रोग्रॅमने ठरवायचं. एएस/४००वर डेटाबेस यंत्रातच अंगभूत आहे. तिथे डेटाची फाइल म्हणजे आखलेला तक्ता: प्रत्येक रकान्याचं नाव, लांबी, प्रकार, दशांशाच्या पुढे किती आकडे, अक्षरं कोणत्या संकेतात लिहिली आहेत, हे सगळं त्या फाइलमध्येच नोंदलेलं असतं. त्यामुळे इथे निव्वळ ‘कॉपी’ होत नाही. दर वेळी रूपांतर होतं, आणि रूपांतराचे नियम कुणीतरी सांगावे लागतात. कुणी सांगितले नाहीत तर यंत्र आपल्या ठरीव नियमांनी पुढे जातं.

पहिला प्रश्न अक्षरांचा. पीसीची संकेतपद्धत आस्कीतून वाढलेली. एएस/४००ची एब्सिडिक, जी आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० बरोबर आणली. आस्कीत इंग्रजी मोठ्या ‘ए’चा हेक्साडेसिमल संकेत ४१ आहे, एब्सिडिकमध्ये तो सी१ आहे. शून्य हे अक्षर आस्कीत ३०, एब्सिडिकमध्ये एफ०. आस्कीत आकडे अक्षरांच्या आधी येतात, एब्सिडिकमध्ये अक्षरांनंतर. म्हणून पीसीवर क्रमाने लावलेली पार्ट नंबरांची यादी सर्व्हरवर वेगळ्याच क्रमाने लागते, आणि क्रमावर विसंबून दोन याद्या जुळवणारा प्रोग्रॅम चुकतो. साध्या मजकुराचं भाषांतर एफटीपी ही फाइल पाठवण्याची जुनी पद्धत किंवा आयबीएमचं डेटा ट्रान्सफर साधन सहज करतं. अडचण येते ती भाषांतर करायचं नसताना ते झालं तर.

एएस/४००वर रकमा बहुधा ‘पॅक्ड डेसिमल’ पद्धतीने ठेवतात. एका बाइटमध्ये दोन आकडे, आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये अधिक-उण्याची खूण. दोन दशांशांची सात आकडी रक्कम चार बाइटांत बसते. आता अशा रकमा असलेली फाइल एका सर्व्हरवरून पीसीवर उतरवली आणि पीसीवरून दुसऱ्या सर्व्हरवर पाठवताना एफटीपीला ‘बायनरी’ सांगायचं राहिलं, असं समजा. मग एफटीपी प्रत्येक बाइटला आस्की अक्षर समजून त्याचं एब्सिडिक करतं. १२५.५० या रकमेतला ५५ हा बाइट आस्कीतला ‘यू’ ठरतो आणि त्याचा ई४ होतो. ‘ई’ हा आकडाच नसल्याने प्रोग्रॅम थांबतो आणि एमसीएच१२०२, म्हणजे डेसिमल डेटा एरर, दाखवतो. ही चूक परवडली, कारण ती दिसते.

आता २०० रुपयांचं पाहा. त्यातला २० हा बाइट आस्कीत रिकामी जागा आहे, आणि एब्सिडिकमध्ये रिकाम्या जागेचा संकेत ४०. सर्व्हरवर २००.०० चे ४००.०० झाले. २६० रुपयांतला २६ हा बाइट आस्कीत ‘अँड’चं चिन्ह, एब्सिडिकमध्ये त्याचा संकेत ५०. म्हणजे २६०.०० चे ५००.००. इथे प्रोग्रॅम थांबत नाही आणि पडद्यावर लाल ओळ येत नाही. रक्कम वैध आहे, फक्त ती खरी नाही. अध्यक्ष महोदय, या पत्रातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे उदाहरण आपल्या वित्तप्रमुखांना दाखवावं. फाइल पूर्ण पोचली, एकही ओळ कमी नाही, ओळींची संख्या जुळली आणि तरीही पैसे चुकले. म्हणून ओळी मोजणं पुरत नाही, रकमांची बेरीजही दोन्हीकडे जुळवावी लागते.

दुसरा प्रश्न आपल्या भाषेचा. कामगारांची नावं मराठीत ठेवायची कंपन्यांची इच्छा स्तुत्य आहे आणि हे यंत्र ते करू शकतं. यूटीएफ-८ साठी त्याच्याकडे १२०८ हा संकेतक्रमांक आहे, आणि देवनागरीसाठी ११३७ हा वेगळा एब्सिडिक संचही आहे. पण जुने तक्ते बहुतेक ३७ या इंग्रजी संचात आखलेले असतात. त्यात देवनागरी अक्षराला जागाच नाही, २०१० मध्ये युनिकोडमध्ये आलेल्या ₹ या चिन्हालाही नाही. अशा रकान्यात मराठी नाव चढवलं तर प्रत्येक अक्षराच्या जागी एकच बदली चिन्ह बसतं आणि मूळ नाव त्या तक्त्यातून परत मिळत नाही. काही वेळा नुकसान त्याही आधी, पीसीवरच होतं. एक्सेलमधून साधी ‘सीएसव्ही’ म्हणून जतन केलेल्या फाइलमध्ये मराठीची प्रश्नचिन्हं होतात, त्यासाठी ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा पर्याय निवडावा लागतो. शिवाय लांबी. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव यूटीएफ-८ मध्ये ३० बाइट घेतं, तेच रोमन लिपीत ११ बाइटांत मावतं. रोमन नावांसाठी आखलेल्या २५ बाइटांच्या रकान्यात ज्ञानेश्वर मावत नाही. माणसाचं नाव त्याच्या पगारपत्रकावर नीट यावं ही अपेक्षा मोठी नाही. ती पुरी करायला तक्ता आखणाऱ्याने सुरुवातीलाच थोडा विचार करावा लागतो.

तिसरा प्रश्न एक्सेलचा. एक्सेल उत्तम साधन आहे, पण ते समोर आलेल्या मजकुराचा अर्थ स्वतःच लावतं. ००४५१२ हा पार्ट नंबर त्याला ४५१२ वाटतो. संख्येचे फक्त पहिले १५ आकडे ते नेमके ठेवतं, त्यापुढच्या आकड्यांची शून्यं करतं, त्यामुळे सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा जातो. ३ई५ हा कोड त्याला तीन लाख ही संख्या वाटते. ‘मार्च१’सारखं दिसणारं नाव त्याला तारीख वाटते. हा शेवटचा घोळ इतका पसरला की मानवी जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली. आपल्याकडे आणखी एक भर आहे. रक्कम १,२५,००० अशी लिहिली, अवतरणचिन्हांत घातली नाही आणि फाइल स्वल्पविरामाने तोडली, की एका रकमेचे तीन रकाने होतात आणि पुढचं सगळं दोन घरं सरकतं. आयएफएससीचं पाचवं अक्षर शून्य असतं, तिथे इंग्रजी ‘ओ’ टाइप झाला तर डोळ्याला फरक दिसत नाही.

तारखांचा घोळ याहून जुना. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकी कंपनीच्या सर्व्हरवर ४ मार्च. जुन्या तक्त्यांत तारीख सहा आकडी संख्या म्हणून असते, काही ठिकाणी शतकाचा एक आकडा पुढे लावून सात आकडी. दोन आकडी वर्षाच्या तारखा या यंत्राच्या मूळ व्यवस्थेत १९४० ते २०३९ एवढ्याच धरल्या जातात. वीस वर्षांच्या कर्जाचा किंवा जमिनीच्या दीर्घ भाडेकराराचा शेवट आजच २०३९ च्या पलीकडे जातो. अशा तारखांची फाइल चढवताना वर्ष चार आकडी हवं, आणि तारखेचा क्रम फाइलबरोबर लिहून दिलेला हवा.

चौथी गोष्ट वेळेची आणि पुनरावृत्तीची. डेटा चढवताना आधीच्या नोंदी पुसून नव्या भरायच्या की आहेत त्यांत नव्या जोडायच्या, हा एक साधा पर्याय असतो. तो चुकीचा निवडला तर एक तर जुना महिना गायब होतो, नाहीतर तीच देयकं दोनदा जातात. नेटवर्क मध्येच तुटलं आणि माणसाने पुन्हा पाठवलं, तर पहिल्या खेपेच्या अर्ध्या नोंदी आत राहिलेल्या असू शकतात. फाइल चढत असतानाच रात्रीच्या जॉबची वेळ झाली, तर तो अर्धीच फाइल घेऊन चालू लागतो. यावरचे उपाय जुने आणि स्वस्त आहेत. फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढवायची आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरं नाव द्यायचं. प्रत्येक फाइलला क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर प्रोग्रॅमने नाकारायचा. नोंदी थेट मुख्य तक्त्यात न घालता आधी बाजूच्या तक्त्यात उतरवायच्या, तपासायच्या, मग पुढे सोडायच्या. सीपीवायएफआरएमआयएमपीएफ या कमांडला चुकीच्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये टाकायला सांगता येतं. त्या ओळी दुसऱ्या दिवशी कुणीतरी वाचायच्या, एवढंच उरतं.

अशा चुका फक्त छोट्या कारखान्यांत होतात असं समजू नये. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडे प्रयोगशाळांकडून कोविड तपासण्यांच्या सीएसव्ही फाइली येत होत्या. त्या एक्सेलच्या जुन्या ‘एक्सएलएस’ साच्यात भरून मध्यवर्ती व्यवस्थेकडे जात. त्या साच्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी गळल्या, आणि १५,८४१ बाधितांची नोंद आठवडाभराच्या आकडेवारीत आलीच नाही. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही तेवढा लांबला. आलेल्या ओळी आणि गेलेल्या ओळी यांची बेरीज कुणी रोज ताडून पाहिली असती, तर ही गळती पहिल्याच दिवशी सापडली असती.

आता सुरक्षेकडे येते. एफटीपीचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे हे विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. त्या काळी नेटवर्कवर मोजकीच यंत्रं होती आणि ती एकमेकांना ओळखत होती. म्हणून साध्या एफटीपीत पासवर्डही उघडा जातो आणि डेटाही. पन्नासहून अधिक वर्षांनंतर पगाराची फाइल तशीच उघडी पाठवायचं काही कारण राहिलेलं नाही. एएस/४००वर एसएफटीपी चालतं, टीएलएसने झाकलेलं एफटीपी चालतं, आयबीएमच्या अ‍ॅक्सेस क्लायंट सोल्यूशन्समध्येही टीएलएस लावता येतं. एसएफटीपी अक्षरांचं भाषांतर करत नाही, फाइल जशीच्या तशी उतरवतं, म्हणून रूपांतराची पायरी वेगळी ठेवावी लागते. माझ्या मते तेच बरं, कारण ती पायरी मग लिहून ठेवता येते.

दुसरी उघडी वाट अधिकारांची आहे. पूर्वी वापरणारा माणूस हिरव्या पडद्यावर मेनूतून काम करायचा आणि मेनूत नसलेलं त्याला करता येत नसे, म्हणून तक्त्यांवर वेगळे अधिकार लावायची गरज कुणाला वाटली नाही. पीसी आला तेव्हा मेनू बाजूला राहिला. तक्ता सर्वांना बदलायला खुला असेल, तर मेनूत फक्त दर पाहणारा माणूस एक्सेलमधून दर बदलून चढवू शकतो. सर्व्हरची रूट डिरेक्टरी सोयीसाठी विंडोजवर नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडलेली असेल आणि त्या पीसीत रॅन्समवेअर शिरलं, तर ते त्या ड्राइव्हवरच्या फाइलींपर्यंतही जातं. एएस/४००ला व्हायरस लागत नाही, हे वाक्य ऐकून निर्धास्त झालेले अनेक व्यवस्थापक मी पाहिले आहेत. त्या यंत्रावरच्या फाइली पीसीवरून कुलूपबंद करता येतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. फाइल पाठवण्याची साधनंही लक्ष्य होतात. २०२३ च्या मे महिन्यात ‘मूव्हइट’ या फाइल हस्तांतराच्या सॉफ्टवेअरमधल्या एका दोषाचा फायदा घेऊन गुन्हेगारी टोळीने जगभरातल्या अनेक संस्थांचा डेटा चोरला.

कायदाही आता या कामापर्यंत येऊन पोचला आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. कोणी, केव्हा, काय बदललं, हे त्यात दिसलं पाहिजे. प्रोग्रॅमला वळसा घालून फाइल थेट तक्त्यात चढवली, तर ही नोंद प्रोग्रॅमकडे होत नाही. त्यासाठी तक्त्यावर प्रत्येक बदल टिपणारं जर्नल सुरू असावं लागतं, आणि ही सोय या यंत्रात मूळचीच आहे. सायबर घटनेची खबर सहा तासांच्या आत द्यावी असा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कामगारांची नावं, पत्ते आणि खाते क्रमांक असलेली फाइल कुणाच्या लॅपटॉपच्या ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहणं आता खाजगी निष्काळजीपणा राहिलेला नाही.

आपल्याच कारखान्यांत याचं उत्तर रोज डोळ्यांसमोर असतं. मालाची गाडी गेटवर आली की चलन पाहतात, वजनकाटा होतो, इनवर्ड नोंद होते, क्वालिटीचा माणूस नमुना तपासतो आणि मगच माल स्टोअरमध्ये जातो. चलनावर शंभर पेट्या आणि गाडीत अठ्ठ्याण्णव असतील तर गाडी थांबते. हीच पद्धत डेटाला लावायची आहे. नवं काही शोधून काढायचं नाही. म्हणून चेंबरकडे माझ्या या मागण्या आहेत.

पहिली, सभासदांसाठी एक पानाचा मराठी नमुना तयार करावा: ‘डेटा चलन’. प्रत्येक फाइलबरोबर तो जावा. त्यात फाइलचा क्रमांक, ओळींची संख्या, रकमांची एकूण बेरीज, खाते क्रमांकांसारख्या आकड्यांची ताळ्यासाठी केलेली बेरीज, तारखांचा क्रम, अक्षरसंकेत आणि पाठवणाऱ्याचं नाव असावं. अमेरिकेतल्या बँका पैसे वळते करायला वापरतात त्या एसीएच फाइलमध्ये ९४ अक्षरांची प्रत्येक ओळ आणि शेवटी अशाच बेरजा असतात. पोचणाऱ्या बाजूने त्या बेरजा स्वतः काढून ताडायच्या आणि जुळल्या नाहीत तर फाइल परत करायची.

दुसरी, पाठवणारा आणि तपासून पुढे सोडणारा ही दोन माणसं वेगळी असावीत, विशेषतः बँक खाती, पगार आणि दर यांच्या फाइलींसाठी. छोट्या पुरवठादाराकडे दोन माणसं नसतील, तर घेणाऱ्या मोठ्या कंपनीने तपासणीची बाजू सांभाळावी.

तिसरी, मोठ्या सभासदांनी आपल्या पुरवठादारांना फाइलचा साचा लेखी द्यावा, नमुना फाइलसह, आणि तो बदलताना किमान एक महिना आधी कळवावं. शुक्रवारी संध्याकाळी रकाना वाढवायचा आणि सोमवारी सकाळी पुरवठादाराला ‘तुमची फाइल रिजेक्ट’ म्हणायचं, हा अन्याय आहे. त्याचं बिल लांबतं आणि त्याच्याकडच्या कामगाराचा पगारही लांबतो.

चौथी, साधं एफटीपी आणि रूट डिरेक्टरीची विंडोजशी असलेली जोडणी बंद करण्यासाठी चेंबरने सभासदांना एक तारीख द्यावी. ती गाठायला लागणारा सल्ला एकत्रितपणे मिळवून द्यावा, म्हणजे तो लहान कारखान्यालाही परवडेल.

पाचवी मागणी मला सगळ्यांत जवळची आहे. हे काम करणाऱ्या मुला-मुलींना शिकवावं. आयटीआय, पदविका आणि वाणिज्य शाखेतून आलेली ही मुलं हुशार आहेत. एक्सेल त्यांना येतं, पण दुसऱ्या टोकाला कोणतं यंत्र आहे, ते आकडे कसे ठेवतं, हे त्यांना कुणीच सांगितलेलं नसतं. चूक झाली की बोल मात्र त्यांनाच बसतो. चार शनिवारांचा एक वर्ग पुरेल: अक्षरसंकेत, रकान्यांचे प्रकार, बेरजा ताडणं आणि सुरक्षित पाठवणी. जिच्या हातून दर महिन्याला शेकडो कुटुंबांचा पगार पुढे जातो, तिच्या कामाला नाव असावं, ते तिच्या नेमणूकपत्रात लिहिलेलं असावं आणि तपासणीसाठी लागणारा अर्धा तास तिच्या वेळापत्रकात धरलेला असावा.

एक शंका मला ठाऊक आहे. हे सगळं एपीआयने होईल, यंत्रं एकमेकांशी थेट बोलतील, मग फाइलींची काळजी कशाला? थेट जोडण्या वाढत आहेत आणि वाढाव्यात. पण जिथे दोन कंपन्या, दोन काळांतली दोन यंत्रं आणि मध्ये एक माणूस आहे, तिथे फाइल अजून बरीच वर्षं राहणार. आणि थेट जोडणीतही रकान्याची लांबी, तारखेचा क्रम, दोनदा आलेली नोंद आणि न जुळणारी बेरीज हे प्रश्न जसेच्या तसे असतात. आज फाइलीच्या निमित्ताने लागलेली सवय उद्याही कामाला येईल.

चेंबरने पुढच्या तिमाहीत या विषयावर सभासदांची एक बैठक बोलवावी आणि तिला वित्तप्रमुखांना आवर्जून बोलवावं, कारण ही जबाबदारी एकट्या आयटी विभागाची नाही. डेटा चलनाचा कच्चा मसुदा मी तयार केला आहे आणि तो चेंबरच्या कार्यालयाकडे या पत्रासोबत पाठवते आहे. त्यात सभासदांनी हव्या त्या दुरुस्त्या कराव्यात. शनिवारचा वर्ग सुरू झाला तर पहिल्या तुकडीला शिकवायला मी विनामूल्य येईन, आणि माझ्याबरोबर काम करणारे आणखी काही जण यायला तयार आहेत. तारीख आपण ठरवावी.

आपली विश्वासू,
एएस/४०० प्रणालीवर काम करणारी एक प्रोग्रॅमर,
पिंपरी-चिंचवड